टाचेमागची शीर आठ महिने दुखतेय, शॉकवेव्ह घ्यावं का?

वडगावकर:
वडील 54 वर्षांचे, पॉवरलूमवर. दिवसभर सिमेंटच्या जमिनीवर उभे. टाचेच्या वर शीर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारा जाड दोर, अकिलिस टेंडन) जाड झालीय, सकाळची पहिली पावलं लंगडत. बेळगावात शॉकवेव्हच्या पाच बैठका सांगितल्यात. घरी सगळे ‘करंट’ म्हणून घाबरलेत. आधी बधिर करतात का? जरा सांगा की.

टिळकवाडी_फिजिओ:
करंट अजिबात नाही. कंप्रेसरची हवा नळीतली लोखंडी गोळी टोकावर आपटते, तो धक्का कातडीतून शिरेत जातो. यालाच रेडियल म्हणतात. ही शीर कातडीखालीच असल्यानं तेवढं पुरतं. खांद्यात कॅल्शियम साठलं असेल तर खोल जाणारं फोकस्ड मशीन बरं.

एका बैठकीत साधारण 2000 ठोके, सेकंदाला 8 ते 10, म्हणजे चार मिनिटांचं काम. दाब दीड बारपासून सोसेल तसा तीनपर्यंत. दोन बैठकांत आठवड्याचं अंतर. बधिर करू देऊ नका: ‘हां, इथंच’ असं पेशंट सांगतो त्यावरूनच जागा सापडते, आणि बधिर करून दिलेल्याचा गुण कमी येतो. जेल भरपूर हवं, मध्ये हवा राहिली की धक्का आत पोचत नाही. अजिबात दुखत नसेल तर दाब कमी किंवा जागा चुकलेली.

खानापूर_रनर्स:
नुसत्या ठोक्यांवर राहू नका, व्यायाम हवाच. दुखरी जागा टाचेच्या हाडापासून 2 ते 6 सेंमी वर असेल तर पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं. दोन्ही पायांनी वर, मग दुखऱ्या एकाच पायावर टाच सावकाश पायरीखाली. 15 चे 3 सेट गुडघा ताठ ठेवून, तेवढेच वाकवून. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या पिशवीत 5 किलो तांदूळ. पण दुखणं टाचेच्या हाडालाच असेल तर टाच खाली सोडायची नाही, सपाट जमिनीवरच करायचं. बहुतेक जण इथंच चुकतात. करताना 10 पैकी 4 दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नको.

निपाणी_मेडिकल:
रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का? सहा आठवड्यांत तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का? हे आधी सांगा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक गोळ्यांनी ही शीर कमजोर होते, फाटूही शकते. ‘फट्’ आवाज होऊन चवड्यावर उभंच राहता येत नसेल तर शॉकवेव्ह नको, थेट हाडांच्या डॉक्टरांकडे. बैठकांच्या काळात डायक्लोफिनॅक ही सूज उतरवणारी दुखण्याची गोळी टाळा. फारच दुखलं तर पॅरासिटामॉल.

वडगावकर:
मशीन कंप्रेसरचंच आहे. दुखरी जागा हाडापासून तीन बोटं वर. लगेच कामावर चालेल का?

टिळकवाडी_फिजिओ:
म्हणजे पायरीचाच व्यायाम. बैठक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी घ्या, एक-दोन दिवस ठणकतं. कामावर अनवाणी नको, टाचेखाली सेंटिमीटरभर उंची देणारी चप्पल घालू द्या. पाचव्या बैठकीनंतर लगेच हिशोब मांडू नका काका, खरा फरक तिसऱ्या महिन्यात कळतो.