शब्दचर्चा : 'वजनरहित' की 'शून्य गुरुत्वाकर्षण'?

विचारणा : ज्यूल व्हर्नच्या कादंबरीत तोफेतून उडवलेल्या यानातून माणसं चंद्राकडे निघतात आणि एका टप्प्यावर तरंगू लागतात. दादरच्या शाळेतल्या भित्तिपत्रकावर त्याला 'शून्य गुरुत्वाकर्षण' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद : नको, 'वजनरहित अवस्था' लिहा. अंतराळस्थानक ४०० किमीवर फिरतं, तिथेही गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. नाहीसा होतो तो पायाखालचा दाब. लोअर परळच्या टॉवरमधली लिफ्ट खाली निघताना वजनकाटा कमी दाखवतो. लिफ्ट मोकळी सुटली तर शून्य दाखवेल. 'भारहीन'ही टाळा. 'अणुभार' आणि 'भारनियमन' यांनी त्या शब्दाचा आधीच पुरेसा गोंधळ केलाय.

दुसरा प्रतिसाद : पण वजन म्हणजे गुरुत्वीय बल, ही पुस्तकी व्याख्या धरली तर 'वजनरहित'ही चूकच. काटेकोर लिहायचं तर 'आभासी वजन (म्हणजे काट्यावर दिसणारं वजन) शून्य'. भित्तिपत्रकाला मात्र 'वजनरहित' पुरे, शेजारी 'मुक्त पतन', म्हणजे फक्त गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने होणारी गती, हे हवंच.

व्हर्न नेमका इथेच घसरला. कादंबरीच्या १८७०मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात प्रवासी मेलेला कुत्रा खिडकीतून बाहेर टाकतात आणि तो यानासोबतच जात राहतो. हे अगदी बरोबर. मग आतली माणसं जमिनीवर कशी चालतात? कुत्र्याला लागू पडतं ते त्यांनाही लागू. तोफेतून सुटून हवेबाहेर पडल्यापासून सगळेच मुक्त पतनात, म्हणजे जवळपास पूर्ण प्रवासभर वजनरहित. व्हर्न मात्र त्यांना तरंगवतो ते पृथ्वी आणि चंद्राची ओढ सारखी होते त्या बिंदूपाशी, अंतराच्या साधारण नऊ दशांशांवर.

विचारणा : आणि तोफेतून उडताना? वजन वाढलं म्हणायचं?

प्रतिसाद : आभासी वजन वाढलं म्हणा. वस्तुमान तेच राहतं. १८६५च्या पहिल्या भागातली तोफ ९०० फूट, म्हणजे २७४ मीटर; वेग सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किमी. वेगाच्या वर्गाला दुप्पट लांबीने भागा : त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे २२,००० पट येतं. तळाशी बारूद भरलेली लांबी वजा केली तर आणखी जास्त. ७० किलोच्या माणसाखालचा काटा दीड हजार टन दाखवेल. धक्का शोषायला व्हर्नने तळाशी तीन फूट पाणी ठेवलंय. एवढ्या त्वरणापुढे ते असून नसून सारखंच. वेगाचा आकडा मात्र चोख : मुक्तिवेग, म्हणजे पृथ्वीच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किमी. लिहिताना 'ति' ऱ्हस्व, 'मुक्तीवेग' नव्हे.