जुन्या फायरप्लेसमध्ये पेलेट स्टोव्ह : स्टीलची नळी धुराड्याच्या टोकापर्यंत न्यावीच लागते का?

नमस्कार. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ राहतो. घर १९५० च्या दशकातले, दुमजली, तेलाच्या बॉयलरवर तापणारे आहे. दिवाणखान्यात विटांची मोठी फायरप्लेस आहे खरी, पण तिच्यात लाकडे पेटवली की समोर बसलेल्यांचे गुडघे शेकतात आणि वरच्या खोल्या उलट गार पडतात, कारण घरातली तापलेली हवाच धुराड्यातून वर निघून जाते. म्हणून या हिवाळ्याआधी त्या कोनाड्यात पेलेट स्टोव्हचा इन्सर्ट, म्हणजे फायरप्लेसच्या आत सरकवून बसवायचा स्टोव्ह, बसवायचे ठरवले आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, साधारण ६ मिलिमीटर जाडीच्या कांड्या, म्हणजेच पेलेट, स्टोव्हच्या टाकीत ओतायच्या. मोटरवर फिरणारा स्क्रू त्या थोड्याथोड्या करून जळणाच्या वाटीत टाकतो, एक पंखा धूर बाहेर ढकलतो आणि दुसरा गरम हवा खोलीत सोडतो. आजोळच्या भुशाच्या शेगडीचा हा विजेवर चालणारा नातू म्हणावा. ४० पौंडांच्या ५० पिशव्यांचा एक टन होतो आणि त्यात सुमारे १२० गॅलन तेलाइतकी उष्णता असते, हा हिशेब मी करून पाहिला आहे. माझी अडचण जळणाची नसून धुराड्याची आहे.

दोन कंत्राटदार येऊन पाहून गेले. पहिल्याचे म्हणणे असे की डॅम्परच्या (धुराड्याच्या तोंडाशी असलेल्या उघडझाप करण्याच्या झडपेच्या) थोडी वरपर्यंत चार-पाच फूट नळी नेली की पुरे, पुढचा धूर विटांच्या धुराड्यातून आपोआप जाईल. दुसरा म्हणतो की स्टेनलेस स्टीलची ४ इंची लवचीक नळी थेट टोकापर्यंत न्यावी, वर टोपी बसवावी आणि डॅम्पर काढून तिथली फट पत्र्याने बंद करावी. त्याचा खर्च पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. आमचे धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून आहे, आत मातीच्या चौकोनी नळ्यांचे अस्तर आहे, स्टोव्हपासून टोकापर्यंतची उंची २४ फूट आहे आणि वाटेत ४५ अंशांची दोन वळणे आहेत. त्याच विटांच्या बांधकामात बॉयलरची दुसरी, स्वतंत्र वाट आहे. दुसऱ्याचे ऐकावे असे मनातून वाटते, पण एवढा खर्च खरोखर आवश्यक आहे की ही विक्रीची युक्ती आहे, हे कळत नाही. ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आम्ही न्यू हॅम्पशायरमध्ये असेच काम करून घेतले आहे. तुमच्या बाबतीत दुसऱ्या कंत्राटदाराचे म्हणणे योग्य आहे. पेलेट स्टोव्हचा धूर लाकडाच्या शेगडीच्या धुरापेक्षा बराच थंड असतो. बाहेरच्या भिंतीतल्या गार आणि रुंद धुराड्यात तो सोडला तर त्याचा जोर तिथेच मावळतो, बाष्प साकळते आणि बारीक राख डॅम्परच्या वरच्या कट्ट्यावर साठत राहते. ती काढण्यासाठी मग दर वेळी इन्सर्ट ओढून बाहेर घ्यावा लागतो. शिवाय पंखा धूर दाबाने ढकलत असल्यामुळे नळीचे सांधे घट्ट बंद हवेत.

४ इंचांचे कारणही सांगतो. धुराला नळीत किती अडथळा होतो हे फुटांत मोजताना स्टोव्हच्या बऱ्याच पुस्तिकांमध्ये उभ्या नळीचा प्रत्येक फूट अर्धा धरतात आणि ४५ अंशांच्या प्रत्येक वळणाला ३ फूट धरतात. तुमचे १२ आणि ६ मिळून १८ झाले, आणि १५ च्या पुढे ३ इंची नळी चालत नाही. तरीही अखेरचा शब्द तुम्ही घेणार त्याच मॉडेलच्या पुस्तिकेचा. बॉयलरच्या वाटेत स्टोव्हची नळी जोडण्याचा विचार कोणी मांडला तर तो तिथेच थांबवा, दोन्ही जळणांचा धूर एका वाटेत सोडता येत नाही. नळी घालण्याआधी धुराडे कॅमेऱ्याने आतून तपासून घ्या, शहराच्या इमारत खात्याची परवानगी काढा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

एक गोष्ट मात्र कोणी आपण होऊन सांगत नाही. वीज गेली की पंखे थांबतात आणि धूर खोलीत येऊ शकतो. डिसेंबर २००८ च्या बर्फवादळात आमच्या भागात कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा फक्त साधी लाकडाची शेगडीच कामी आली होती. चालू स्टोव्हला साधारण १०० वॅट लागतात, पेटताना मात्र तीनशे-चारशे लागतात, त्यामुळे बॅटरी त्या हिशेबाने घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडचा गजर झोपण्याच्या खोल्यांजवळ असलाच पाहिजे.

मूळ प्रश्नकर्ता :

मनापासून आभार. दुसऱ्या कंत्राटदाराला होकार कळवला आहे, पण कॅमेऱ्याची तपासणी आधी आणि वेगळ्या माणसाकडून करून घेणार आहे. एकच शंका उरली : ज्वलनासाठी बाहेरची हवा आणणारी नळी त्याच धुराड्यातून खाली आणावी, की राख काढण्याच्या खालच्या दारातून? तुम्ही कोणती वाट निवडली होती?