नवी पिकअप दारात आली तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

गुऱ्हाळाची सून
आज सकाळी समोरच्या काकांच्या दारात नवीकोरी पिकअप आली. पांढरी, बॉनेटवर झेंडूचा हार, चारी चाकांखाली लिंबं. काकूंनी ओवाळलं, गाडी वीतभर पुढं सरकली, लिंबं चिरडली आणि मला आमची 2013 ची आठवली.

त्याआधी आमचा गूळ ट्रॅक्टरनं नाहीतर भाड्याच्या गाडीनं शाहू मार्केट यार्डात जायचा. गाडी आली त्या रात्री सासरे हौद्यात बसून हिशेब करत होते. कागदावर सव्वा टन. तीस किलोचे 41 रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, झाले 1230. "वीस किलो उरलं. त्यात सूनबाई बसंल की!" मी तेव्हाही वीस किलोची नव्हते. आत्ती म्हणाल्या, मग एक रवा कमी करा.

पहिल्यांदा केबिनमध्ये चढताना दाराच्या आतला दांडा धरायचा असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. एक पाय वर, एक खाली, पदर हँडलात. वर बसल्यावर मात्र कुंपणापलीकडचा ऊस दिसायला लागला, ते फार आवडलं. माल उतरवून रिकामी परत येताना गाडी इतकी उडाली की डब्यातली आमटी थेट सीटवर. तरी सीटचं प्लास्टिक काढू देत नव्हते म्हणून वाचलो.

पहिलं भाडं गुळाचं नव्हतंच. शेजारच्यांची गाभण म्हैस! फाळका पाडला, फळी लावली, पाच माणसं ढकलायला. म्हशीनं खुरानं आतल्या रंगावर जो ओरखडा काढला तो आमचे हे रोज संध्याकाळी बोट फिरवून बघायचे. पैसे विचारायची सोय नव्हती, खरवस आला. मग मंडपाचे बांबू, तालमीचा गणपती, कुणाच्या लेकीचा रुखवत. आमच्या दारात असायची एवढंच, गाडी सगळ्या गल्लीची होती.

तुमच्याकडं काय झालं?

उद्यमनगरचा मिस्त्री
रिकामी उडणारच ताई. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, माल पेलायला केलेले असतात, वजन नसलं की ते दबतच नाहीत, सगळे धक्के वर. नवीन माणसाला वाटतं गाडीत बिघाड आहे. आठवड्याला एक तरी येतो, "शॉकअप बघा की". काही नसतं. पावसात रिकामी घेऊन गगनबावड्याचा घाट उतरणार असाल तर मागच्या चाकांवर येतील अशी वाळूची दोन-तीन पोती टाका, दोरानं बांधून. ओढ मागच्या चाकांना आणि मागं वजन नाही, मग वळणावर बूड सरकतं.

तांबडा पांढरा
बूड सरकतं 😂 मिस्त्री, जरा जपून

चिखलीकर
आम्ही 2019 च्या जुलैत घेतली. हप्ता एकच गेलेला. ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आलं. पहिल्या दिवशी फक्त आमची जनावरं काढायची ठरवली होती. चार खेपा झाल्या, पाचव्या खेपेला हौद्यात दोन म्हशी, एक म्हातारी, तिची पत्र्याची पेटी आणि पिंजऱ्यातला पोपट. पाणी बंपरला लागलं तेव्हा वडील म्हणाले बास, आता गाडी वर लाव. शिरोलीजवळ हायवे बंद, त्यामुळं पुढं कुठं नेताही येईना. सोनतळीच्या बाजूला उभी करून आम्ही रात्री हौद्यातच झोपलो, वर ताडपत्री. नवीन गाडीचा वास कसला म्हणाल तर मला शेणाचा आणि ओल्या गोणपाटाचाच आठवतो. पोपट रात्रभर ओरडत होता.

गुऱ्हाळाची सून
बाई गं. म्हातारी बरी आहे ना?

चिखलीकर
ठणठणीत. पोपट गेला मागच्या वर्षी.

चांगभलं09
आम्ही पासिंगच्या आधीच ज्योतिबाला नेली. पोरांनी खिडक्या उघड्या ठेवून गुलाल उधळला. पुढं दोन वर्षं ब्लोअर लावला की काचेवर गुलाबी धूर. आरटीओतल्या साहेबांचा पांढरा शर्टपण प्रसादाला लागला.

नवशिक्या
मधेच विचारतो. माझ्याकडं कारचं लायसन्स आहे. पिवळी पाटी असलेली पिकअप चालवायला वेगळं काढावं लागतं का? एजंट पैसे मागतोय.

उद्यमनगरचा मिस्त्री
नाही लागत. मालासकट गाडीचं एकूण वजन 7500 किलोच्या आत असेल तर एलएमव्ही, म्हणजे तुमचं कारचंच लायसन्स, चालतं. सुप्रीम कोर्टानं 2017 ला सांगितलं, 2024 ला मोठ्या बेंचनं परत तेच सांगितलं. पिकअप त्याच्या कितीतरी खाली येते. एजंटला चहा पाजा आणि कटवा.

कपाळकरंटा
माझं ऐका. 2025 च्या गणेश चतुर्थीला डिलिव्हरी घेतली. मुहूर्त चुकवायचा नाही म्हणून बायकोशी भांडलो. घटस्थापनेला, 22 सप्टेंबरला, मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 चा 18 झाला. बायको काही बोलत नाही. नुसती गाडीकडं बघते, मग माझ्याकडं.

तांबडा पांढरा
दादा, एक वाटी रस्सा माझ्याकडून

कपाळकरंटा
पांढरा चालंल. तांबड्यानं आधीच जळतंय.

माहेरवाशीण कागल
आमच्या अप्पांचा छोटा हत्ती होता, पिकअपमध्ये धरता का? मागं काय लिहायचं यावर घरात तीन दिवस भांडण. आजीला 'अंबाबाई प्रसन्न', अप्पांना 'कष्टाची भाकरी', भावाला 'नाद खुळा'. रेडियमवाल्यानं तिन्ही लिहिली, जागा पुरेना म्हणून 'नाद' फाळक्यावर आणि 'खुळा' खाली मडगार्डवर आला. अप्पांना अख्ख्या यार्डात खुळा म्हणायचे.

गुऱ्हाळाची सून
हसून हसून दूध उतू गेलं माझं.

माहेरवाशीण कागल
बरं ताई, यंदा काकवी मिळेल का? आईला हवी होती. बाटलीतली नको म्हणते, डब्यात घालून द्या.

गुऱ्हाळाची सून
मिळेल, पण घाणा अजून सुरू व्हायचाय. आणि एक सांगायचं राहिलं. आमची गाडी मिस्त्रींच्यासारख्या एकाकडं उघडून पडलीय आणि रविवारी नणंदेचं कपाट इचलकरंजीला पोचवायचंय. आत्ताच समोरच्या काकांकडं जाऊन आले, सहज आपलं, रविवारी गाडी मोकळी आहे का म्हणून. काका हार काढत होते. हो म्हणाले बिचारे.

उद्यमनगरचा मिस्त्री
कपाट आडवं घालू नका, उभं बांधा, केबिनला टेकवून. आणि आरशाचं दार आतल्या बाजूला.