शब्दचर्चा : 'कोळी खेकडा', 'प्रजाती' आणि 'शोध'

प्रश्न : 'स्पायडर क्रॅब'वरील एका लेखाचा अनुवाद करताना मी 'कोळी खेकड्याच्या नव्या प्रजातीचा शोध' असे लिहिले. घरात वाचून दाखवताच, 'कोळी लोक पकडतात तो खेकडा का?' असे विचारले गेले. योग्य शब्द कोणता? 'प्रजाती' आणि 'शोध' हे शब्द तरी इथे बरोबर आहेत का?

उत्तर : घरच्यांची शंका रास्त आहे. मराठीत जाळे विणणारा जीवही कोळी आणि जाळे टाकणारा माणूसही कोळी, त्यामुळे शेजारी खेकडा आला की किनाऱ्यावरच्या वाचकाला माणूसच आधी आठवणार. जाळे विणणाऱ्या कोळ्यासाठी 'कातीण' हा जुना शब्द आहे. पण तो कातण्यावरून आलेला असल्यामुळे मला इथे पटत नाही, कारण हा खेकडा काही कातत नाही आणि साम्य आहे ते फक्त लांब, बारीक पायांचे. जपानी लोक आपल्या प्रसिद्ध खेकड्याला 'ताकाआशिगानी', म्हणजे उंच पायांचा खेकडा म्हणतात, आणि पसरलेल्या पायांची टोके सुमारे ३.७ मीटर अंतरावर जाणाऱ्या त्या प्राण्याला ते शोभतेही. मात्र याच गटात, पाठीवरच्या आकडेदार केसांत शैवाल आणि स्पंजाचे तुकडे अडकवून लपणारे लहान खेकडेही आहेत. म्हणून 'कोळीखेकडा' असे जोडून लिहावे आणि पहिल्या उल्लेखात 'कोळी या किड्यासारख्या लांब पायांचा' असा खुलासा करावा.

'प्रजाती'बद्दल थोडक्यात सांगतो. मराठी विश्वकोशातील अनेक नोंदींत 'जाती' (स्पीशीज) हे सजीवांच्या वर्गीकरणाचे मूळ एकक असून 'प्रजाती' (जीनस) ही तिच्या वरची पायरी आहे. वृत्तपत्रांत मात्र 'प्रजाती' खालच्या पायरीसाठी रुळली आहे. शास्त्रीय लेखनात 'जाती'च लिहावे.

खरी अडचण 'शोध' या शब्दाची आहे, आणि ती युरोपातल्या 'माया' नावाच्या गटातल्या कोळीखेकड्यांवरून नीट कळते. प्राणिशास्त्रज्ञ हर्ब्स्ट यांनी १७८८ मध्ये 'स्क्विनाडो' हे नाव दिले आणि पुढे भूमध्य समुद्रातल्या व अटलांटिक किनाऱ्यावरच्या अशा दोन्ही खेकड्यांना ते सरसकट लावले गेले. १९२२ मध्ये बाल्स यांनी अटलांटिकमधल्या खेकड्याला 'ब्रॅकिडॅक्टिला', म्हणजे आखूड बोटांचा, असे नाव दिले, पण ते केवळ एक उपप्रकार म्हणून. पुढे १९९८ मध्ये नॉयमान यांनी अटलांटिकमधला खेकडा ही स्वतंत्र जाती असल्याचे दाखवले. हा खेकडा कोळ्यांच्या (इथे माणसांच्याच) जाळ्यात आधीपासून येत होता आणि बाजारात विकला जात होता. मग १९९८ मध्ये कशाचा 'शोध' लागला? प्राण्याचा नव्हे, तर त्याच्या वेगळेपणाचा. म्हणून 'वेगळी जाती म्हणून ओळखले' असे लिहिणे अचूक ठरेल.

प्रश्नकर्ता : मग 'जातीचे वर्णन केले' हा प्रयोग कसा वाटतो? मला तो फार फिका वाटत होता.

उत्तर : तो फिका नाही, त्याला नेमका अर्थ आहे. इथे वर्णन म्हणजे पाठीच्या कवचाचा आकार, डोळ्यांमधून पुढे आलेली दोन शिंगे, काट्यांची मांडणी, नांग्या आणि विशेषतः नराच्या दुमडलेल्या पोटाखालच्या पहिल्या जोडीच्या अवयवांची ठेवण नोंदवून, जवळच्या जातींपासूनचा फरक दाखवत नाव प्रसिद्ध करणे. हे अवयव समागमासाठी असतात, आणि दिसायला सारख्या जाती पुष्कळदा त्यांच्यावरूनच वेगळ्या करता येतात. शिवाय २००० पासून प्रसिद्ध होणाऱ्या नव्या जातीसाठी, नाव ज्या नमुन्याशी कायमचे बांधले जाते तो नमुना स्पष्ट नमूद करावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हेही सांगावे लागते. त्याला काही जण 'प्ररूप' म्हणतात. मी सर्वसाधारण वाचकासाठी 'नामधारक नमुना' असे लिहीन, कारण त्यातून त्याचे काम आपोआप समजते.

तेव्हा आपले वाक्य असे करता येईल : 'कोळीखेकड्याच्या एका नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले.' आणि तो प्राणी त्याआधी कोणालाच ठाऊक नव्हता असे मूळ लेखात खरोखरच म्हटले असेल, तर 'शोध' हा शब्द पुढच्या वाक्यात जरूर येऊ द्यावा.