प्रतिसाद: खंड्या ब्लर येतोय

वर विचारलंय की खंड्या पक्षी पाण्यात सूर मारताना दर वेळी ब्लर येतो, लेन्स बदलू का. अहो थांबा, लेन्सवर पैसे घालायच्या आधी शटर स्पीड बघा, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते. १/५०० सेकंदाला तो शार्प येणारच नाही, निदान १/२००० ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर टाका, थोडा ग्रेन, म्हणजे फोटोत दाणे, आले तर आले. मी गोव्यात रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर जातो, सलीम अली पक्षी अभयारण्यात, जागा लहानच, पावणेदोन चौरस किलोमीटर वगैरे, पण खारफुटीतून होडीने फिरायला मजा येते. फक्त भरती बघून जा, ओहोटीला होडी आत जात नाही. नि होडीवाल्याला इंजिन बंद करायला सांगा, नायतर सगळं थरथरतं. खंड्या मासा पकडून बहुतेक वेळा त्याच फांदीवर परत येतो, तेव्हा त्याच्या मागे कॅमेरा फिरवत बसू नका, फांदीवर फोकस लावून गप्प बसा. मासा फांदीवर आपटतो ना, तो फोटो सूर मारण्यापेक्षा भारी असतो असं माझं मत.

पण सगळंच फ्रीझ करायची सवय लागली की पंचाईत. डिचोलीत एका कुंभारकाकांचे फोटो मी १/१००० ला काढले, घरी येऊन बघतो तर चाक बंद पडल्यासारखं! परत गेलो, १/१५, कॅमेरा स्टूलवर टेकवला. चाक विरघळलं, काका दोऱ्याने मडकं चाकावरून कापून काढत होते ते हात मात्र स्थिर होते म्हणून शार्प आले. आणि हो, पावसात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या क्लिक करू नका, लेन्सच्या काचेवर धुकं धरतं.