स्पीकरची वायर कुठली घ्यावी? बजेट १,५०० (सांगली)

विश्रामबागकर: अ‍ॅम्प्लिफायर दाराजवळ, ८ ओहमचे दोन स्पीकर. एकाला ४ मीटर वायर लागते, दुसऱ्याला ९. सध्या १ एमएमची (चौरस मिमी) साधी तांब्याची आहे. रंगकामासाठी सगळं सोडवून परत जोडलं, तेव्हापासून डग्गा ऐकूच येत नाही. ठेका कळतो, घुमारा नाही. कुठली वायर घेऊ?

घाटावरचा: मी चांदीचा मुलामा दिलेली घेतली, १४ हजारांची जोडी. पहिल्याच रात्री फरक कळला. बजेट वाढवा. आणि दोन्ही वायरी सारख्याच लांबीच्या ठेवा.

कृष्णाकाठ: गणपती पेठेतून अडीच एमएमची घ्या, पण खरवडून बघा. मला तांबं म्हणून दिलेली वायर आतून पांढरी निघाली, ॲल्युमिनियम! दोनदा वाकवली की तुटते. दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

जुना रेडिओ: ५ मीटरचा फरक कानाला कळत नाही हो. १ एमएम तांब्याला मीटरमागे साधारण ०.०१७ ओहम रोध. जाऊन-येऊन १८ मीटर, म्हणजे ०.३१. ८ ओहमच्या ५ टक्क्यांच्या आतच आहे. एका स्पीकरचे लाल-काळे उलटे लागलेत का बघा. तसं असलं की एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि खर्ज मरतो. स्पीकर अ‍ॅम्पपासून सोडवा, वायरीच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसकडची तार लालची.

कृष्णाकाठ: मी तेच म्हणतोय, अडीच घ्या.

तारवाला: वायरीच्या टोकांना बनाना प्लग (टर्मिनलमध्ये खुपसायची पिन) लावाच. माझी केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकली आणि अ‍ॅम्पचा एक चॅनेल गेला. २,२०० रुपये दुरुस्ती.

मिरजेचा: डग्ग्याचं सोडा, तंबोरा कसा वाजतो ते सांगा. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. सतारमेकर गल्लीत समोर बसून एकदा ऐका, मग स्पीकर पारखा.

घाटावरचा: तंबोऱ्याला चांदीचीच वायर.

विश्रामबागकर: सापडलं! वायरीच्या एका अंगाला बारीक उभी रेघ आहे, ती डाव्या स्पीकरला काळ्यात गेली होती. सेल लावला तर पडदा आत गेला. उलटी करून लावली आणि डग्गा आला, मींडेसकट. बाबा आतल्या खोलीतून उठून बाहेर आले. वायर बदलत नाही, प्लगही नकोत. टोकं नव्याने सोलून घट्ट पिळलीत, एकही तार बाहेर नाही. जुना रेडिओ काका, मनापासून आभार.

कृष्णाकाठ: तरी अडीच घेऊन ठेवा.