मदत हवी आहे : लैंगिक व प्रजनन आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणासाठी मराठी साहित्य
ठाण्यात वागळे इस्टेट परिसरातील आमच्या दवाखान्यातील डॉक्टर व परिचारिकांसाठी मी प्रशिक्षण आखत आहे. गर्भपात कायद्यातील २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक निष्फळ ठरल्यास अविवाहित स्त्रीलाही २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करून घेता येतो, तरीही केसपेपर काढतानाच "लग्न झालंय का?" असे रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले जाते आणि तांबी बसवण्याची चौकशी करायला आलेली मुलगी तिथूनच परत फिरते. हे मला फार अस्वस्थ करते.

कायदा व्याख्यानात सांगता येतो, बोलण्याची पद्धत मात्र सरावानेच बदलते. म्हणून तपासणीपूर्वी संमती कशी घ्यावी, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) किंवा अपंग रुग्णाशी कसे बोलावे, याचे मराठी सरावसंवाद कोणाकडे आहेत का? मानधन घेऊन स्वतःचे अनुभव सांगण्यास तयार असलेल्या पारलिंगी व्यक्तीही ठाणे-नवी मुंबई परिसरात कोणाच्या परिचयाच्या असल्यास, त्यांना विचारूनच कृपया कळवावे.